सादड्याखालचं वारूळ

करंजाळीच्या अलीकडे रस्त्याकडेला बायका पळसाच्या पानांवर रानभाज्यांचे वाटे मांडून बसल्या होत्या. मोहिनीनं गाडी थांबवायला लावली, आणि ललितनं इंजिन बंद करायच्या आत ती उतरलीही. प्रत्येक वाट्यापुढं उकिडवं बसायचं, एखादं पान चुरडून नाकाशी न्यायचं, विकणारीला नाव विचारायचं आणि ते नाव तोंडातल्या तोंडात घोळवत पुढं सरकायचं, असं तिचं चाललं होतं. कुर्डू. चाई. भारंगी. तेऱ्याच्या, म्हणजे रानअळूच्या, पानांशी मात्र ती थबकली.

"ही आमच्याकडची दिसते," ती ललितला म्हणाली. "आमच्याकडं ओढ्याच्या काठाला असलीच उगवते. ब्रेद सोंज म्हणतो आम्ही. चिंच नाही घातली तर घसा धरते."

"मग बहिणीच असणार," ललित म्हणाला. "ही पण धरते."

मोहिनी मॉरिशसची. काही पिढ्यांमागं तिच्या घरचे लोक रत्नागिरीकडून उसाच्या मळ्यांवर कामाला गेले आणि तिकडचेच झाले. घरात मराठी टिकली, पण जुन्या वळणाची. बोलता बोलता मधेच तिकडच्या क्रेओल बोलीचा हेल लागायचा. समुद्रकाठच्या एका मोठ्या हॉटेलचं स्वयंपाकघर ती सांभाळायची. चाळिशी उलटलेली, लग्न होऊन मोडलेलं, एकटी राहणारी बाई. रजा मिळाली की ती परदेशी निघायची, आणि तिथं गेली की देवळं-किल्ले सोडून रानात शिरायची. तिथली माणसं जमिनीतून काय उपटून आणतात, कसं शिजवतात, एवढंच तिला बघायचं असायचं. पोलंडमध्ये ती एका म्हाताऱ्या जोडप्याबरोबर पाइनच्या जंगलात अळंबीच्या छत्र्या वेचत हिंडली होती, जपानात बर्फ वितळल्यावर येणारे कोंब खुडायला गेली होती. या श्रावणात नाशिक. ललित इथल्या एका केटरिंग कॉलेजात शिकवायचा. दोघांची ओळख कामातून झालेली, फोनवरची. प्रत्यक्ष भेट याच आठवड्यातली.

"अळंबी मिळेल ना?" गाडीत बसताना तिनं विचारलं.

"मिळेल. ऊनपावसाचा खेळ चाललाय, हाच तिचा मोसम. पण मी खाणार नाही हां. श्रावण आहे, आणि आमच्याकडं अळंबी मांसात धरतात. आईला कळलं तर उंबऱ्याच्या आत घेणार नाही."

मोहदांड हा पेठच्या पुढं, डांबरी रस्ता सोडून बराच आत असलेला पाडा. खाचरांमध्ये भात पोपटी झाला होता, उतारावर नागली लावलेली. ढग इतके खाली होते की वरच्या घरांची नुसती दारंच दिसत होती. चिमाजी ओसरीवर बसून बांबूच्या कामट्यांची टोपली विणत होता. अंगानं वाळका, बोलायला थोडका माणूस. त्याची बायको नवसाबाई त्याच्या अगदी उलट. ठेंगणी, तुरतुरीत, प्रत्येक वाक्याच्या शेवटी हसणारी. ललितचे विद्यार्थी दरवर्षी त्यांच्याकडं येत असल्यानं तिला पाहुण्यांची सवय होती.

मोहिनीला तिच्या चेहऱ्याचं नवल वाटलं. साठीची बाई, जन्मभर उन्हात राबलेली, पण कपाळावर एक आठी नव्हती. झोपून उठलेल्या मुलाचा असतो तसा निवांत चेहरा.

घरात आणखी एक बाई होती. आशा. तिशीची, कपाळ मोकळं, हातात काचेच्या दोनच बांगड्या. तिनं पाणी आणून दिलं आणि दाराआड उभी राहिली.

"ही आमच्याकडंच राहती," नवसाबाई म्हणाली. "गुणाची पोर. माहेरी जा म्हणलं तर जात नाय. मी म्हणलं, ऱ्हा बाई. घर काय लहान हाय?"

आशानं मान खाली घातली. चिमाजीनं विणता विणता एक कामटी उलटी घातली, ती उसवली आणि पुन्हा घातली.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाऊस उघडला तसे ते निघाले. पुढं नवसाबाई, मग आशा, मग मोहिनी, आणि बूट चिखलात रुतवत सगळ्यात मागं ललित. वाटेत नवसाबाईचे हात थांबत नव्हते. चालता चालता ती शेंडे खुडायची, कमरेच्या ओच्यात टाकायची आणि मागं वळून सांगायची, हे उकळून पाणी फेकायचं, ह्याचं पाणी फेकलं तर काय उरत नाय. मोहिनी प्रत्येक पान जिभेवर ठेवून बघत होती. भारंगी कडवट, पण मागून गोड. चाईचा कोंब काकडीसारखा ओला. तिला वाटलं, हॉटेलातल्या त्या चकचकीत ओट्यावर आपण हे कसं नेणार? हे इथंच, उभ्या उभ्याच खायचं आहे.

टेकडी ओलांडल्यावर आवाज बदलले. ओढ्याची खळखळ मागं पडली, पाखरंही कमी झाली. साग आणि धावड्याची दाटी होती, आणि त्यांच्या मधोमध एक मोठं सादड्याचं झाड, मगरीच्या पाठीसारख्या भेगाळलेल्या सालीचं. त्याच्या बुंध्याला टेकून माणसाच्या छातीपर्यंत येईल एवढं वारूळ उभं होतं. आणि वारुळाभोवती, पालापाचोळा बाजूला सारून, अळंबी आली होती.

मोहिनी जागेवर थांबली. जगभर तिनं छत्र्या पाहिल्या होत्या, पण अशा नाही. पांढऱ्याशुभ्र, मधोमध तपकिरी टोक असलेल्या, काही उमललेल्या, काही अजून मुठीसारख्या मिटलेल्या. एकीवरही किडीचं भोक नव्हतं. तिनं गुडघ्यावर बसून एकीच्या देठाशी बोट नेलं, तेवढ्यात नवसाबाई ओरडली, "थांबा, थांबा ताई! आधी सांगायचं."

"काय सांगायचं? कुणाला?"

"त्याला." नवसाबाईनं हनुवटीनं वारूळ दाखवलं. "घ्यायचं म्हणलं तर द्याया नको काय?"

"नारळ वगैरे?"

"नारळ देवाला. ह्याला काय करायचाय नारळ? ह्याला आपल्यातलं काय तरी सांगायचं. खरं पायजे. आपलंच पायजे, दुसऱ्याचं नाय चालत." मग जराशी थांबून, शाळेत शिकवल्यासारखी म्हणाली, "अन् बारकं सांगावं. लय मोठं सांगू नये म्हणतात."

"मोठं सांगितलं तर?"

नवसाबाई हसली. "मला काय ठावं? मी आपली दरसाल बारकंच सांगते. कोंबडी हरवली, पाय मुरगळला, असलं."

आशा ओढ्याच्या दिशेनं बघत होती.

वारुळाला खालच्या अंगाला एक भोक होतं, गुडघे टेकले की ओठांच्या उंचीला येणारं, कडा गुळगुळीत झालेलं. नवसाबाई आधी वाकली, दोन शब्द बोलली आणि हसत उठली. मग आशा. तिचे ओठ जेमतेम हलले. उठताना तिनं मोहिनीकडं पाहिलं. काहीतरी बोलावं की बोलू नये, असं त्या नजरेत होतं, आणि मग ती बाजूला झाली.

मोहिनीला गंमत वाटत होती. पोलंडची म्हातारी पहिली छत्री झाडाला परत द्यायची, हेही तसलंच. ललित जरा लांब, मोबाइलला रेंज शोधत उभा होता. आत साप तर नसेल ना, असं तिनं विचारलं. "म्हणतात हाय, आमी कधी पाह्यला नाय," नवसाबाई म्हणाली. मोहिनीनं गुडघे टेकले आणि भोकाशी तोंड नेलं.

आतून ऊबदार हवा येत होती. नाकाचीच भाकरी खाणारी बाई ती. सवयीनं वास वेगळे करत गेली. ओली माती. उकडा तांदूळ शिजतानाची वाफ. आणि त्याच्या मागं आणखी एक दुधाळ वास, जो तिच्या ओळखीचा होता आणि ज्याच्या वाटेला ती कित्येक वर्षं गेली नव्हती.

लहानपणी तिनं शेजारच्या घरातली लोणच्याची बरणी फोडली होती आणि मांजरावर ढकललं होतं. ते सांगायचं तिनं ठरवलं. खरं बोलायचं तर ते तिला क्रेओलमध्येच सोपं जायचं, म्हणून ती क्रेओलमध्ये बोलली. गोष्ट दोन वाक्यांत संपली. ती उठणार होती.

ती उठली नाही.

उठली तेव्हा तिच्या गुडघ्यांवर खडे रुतल्याचे खोल वण पडले होते आणि केसांतून पाणी ठिबकत होतं. मधे एक सर येऊन गेली असावी. नवसाबाई आणि आशा एका झाडाखाली बसल्या होत्या, आणि आशानं पदराचं टोक तोंडात धरलं होतं.

"एवढं काय बोलत होतात?" ललित जवळ येत म्हणाला.

"काही नाही. लहानपणची एक गंमत." ती सांगायला गेली, पण नेमकी कुठली ते ओठावर येईना. तिनं हात झटकले. अंग हलकं झालं होतं, डोक्यावरचा हंडा कुणी उतरवून घ्यावा तसं. तिला भूक लागली होती.

अळंबी लाकडाच्या काटकीनंच उकरायची, लोखंड लावायचं नाही. टोपली भरली तशी नवसाबाईनं उरलेल्यांवर पाला सारला आणि ते परतले.

या वारुळाची अळंबी विकत नाहीत, हे मोहिनीला घरी आल्यावर कळलं. पाड्यात वाटून खातात. दिवेलागणीला पाड्यातली माणसं एकेक करून चिमाजीच्या ओसरीवर आली. फार नव्हती, बरीचशी म्हातारी, आणि प्रत्येकाच्या हातात घरून आणलेली वाटी. शेजारची रंगूबाई काठी टेकत आली आणि सगळ्यात पुढं बसली. लग्नाच्या पंगतीला जावं तसे कपडे करून आले होते सगळे.

आशानं अळंबी हळदीच्या पाण्यात धुऊन, लसूण आणि लाल मिरचीवर परतून रस्सा केला होता. बरोबर नागलीच्या भाकरी. ललितनं आपली पेंडखजुराची पिशवी काढली आणि खांबाला टेकून बसला.

मोहिनीनं पहिला घास घेतला. गावठी कोंबडीच्या जवळ जाणारी चव, पण तंतू मऊ, आणि मागं ओल्या लाकडाचा गोडवा. ती मनात नोंद घेत होती, मीठ किती, तेल किती. दुसरा घास घेतला.

आणि तिला आठवलं की बैलाचं नाक सकाळी किती थंड असतं.

बैलाला तिनं जन्मात हात लावला नव्हता.

तिनं घास गिळला. मग विहिरीच्या काठावर पाय घसरतानाची धडकी आठवली. मग कुणाच्या तरी लग्नातली पिवळी साडी, जी मिळाली नव्हती. यातलं काही डोळ्यांपुढं दिसत नव्हतं. आपलंच काही जुनं वर यावं तसं ते शांतपणे वर येत होतं. विषारी असेल का? तिनं मनगटावर बोटं ठेवली. नाडी संथ होती. तिला भीती वाटायला हवी होती, पण कुतूहल जास्त होतं. तिनं आणखी एक घास घेतला.

आता एक तरुण पोरगा. ओला शर्ट अंगाला चिकटलेला, खांद्यावर मासे धरायचा बांबूचा सापळा, पुढचा एक दात दुसऱ्यावर चढलेला. हसत हसत दारातून आत येणारा. "आये, बघ!" आणि त्या हाकेबरोबर त्याचं तान्हेपणीचं वजन मोहिनीच्या मांडीवर येऊन बसलं.

तिनं वर पाहिलं. ओसरीवर कुणीच चावत नव्हतं. सगळे, हातात घास तसाच धरून, दाराकडं बघत होते. दारात कुणी नव्हतं. आशा हसत होती. दोन दिवसांत पहिल्यांदा.

"मीठ जरा कमीच पडलं गं, आशे," नवसाबाई भाकरी मोडत म्हणाली.

हळूहळू हात पुन्हा चालू लागले. मग चिमाजी एकदम खुदकन हसला. मोहिनीनं त्याला हसताना पाहिलं नव्हतं.

"बरणी फोडली अन् मांजराचं नाव सांगितलं!" तो म्हणाला. रंगूबाईही बोळक्या तोंडानं हसायला लागली. "मांजराला मार बसला की हो ताई!"

"कुठली बरणी?" मोहिनीनं विचारलं.

हसू ओसरलं. नंतर जे झालं ते एकामागून एक झालं. चिमाजीचा घास खाली आला. रंगूबाईनं वाटी जमिनीवर ठेवली. पलीकडच्या म्हाताऱ्यानं डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली. सगळ्यांची तोंडं मोहिनीकडं वळली.

चिमाजी उठला, तिच्यापाशी आला, आणि आपला खरबरीत तळवा त्यानं तिच्या डोक्यावर ठेवला.

"काय झालं?" ती म्हणाली.

रंगूबाईनं तिच्या गालांवरून हात फिरवून आपल्या कानशिलावर बोटं मोडली. तिचे डोळे वाहत होते. नवसाबाईनंही मोहिनीकडं पाहिलं, आणि त्या नितळ चेहऱ्यावर पहिल्यांदाच काहीतरी दुखल्यासारखं उमटलं.

"अगं माझ्या बाई," ती म्हणाली. "केवढीशी होती."

"कोण?"

आशा उठून आत गेली.

त्या रात्री मोहिनीला फार गाढ झोप लागली. इतकी, की सकाळी जागी झाल्यावर क्षणभर तिला नवल वाटलं, आपण इतकी वर्षं नीट झोपत का नव्हतो?

उजेड आत आला तेव्हा तिला भिंतीवरचा फोटो दिसला. प्लॅस्टिकच्या हारामागं एक तरुण पोरगा, पुढचा दात दुसऱ्यावर चढलेला. ती उठून जवळ गेली. आल्या दिवशी आत येताना हा नजरेला पडला असणार, तिनं स्वतःला समजावलं. तोच डोक्यात राहिला, आणि वर अळंबी. एवढंच.

"हा कोण, नवसाबाई?"

नवसाबाई चुलीत फुंकर घालत होती. तिनं वळून पाहिलं, भिंतीवरच्या कॅलेंडरकडं पाहावं तसं. "कोन की. यांच्या भावकीतला आसंल. लय वर्सं हाय तिथं."

आशा ओढ्यावर भांडी घासत होती. मोहिनी तिच्या शेजारी दगडावर जाऊन बसली आणि न विचारता एक पातेलं घासायला घेतलं.

"फोटोतला माणूस कोण, आशा?"

"माझे मालक."

"म्हणजे नवसाबाई तुझ्या..."

"सासू." आशानं राख चिमटीत घेतली. "नदीला पूर होता. मासे धराया गेले. तिसऱ्या दिवशी खालच्या गावाला सापडले. आत्या जेवत नव्हत्या, निजत नव्हत्या. नदीकडं पळायच्या, धरून आनाया लागायचं. मग श्रावणात अळंबी आली तशा एकट्याच वारुळापाशी गेल्या. घरी आल्या त्या हसत आल्या. दारात मला बघितलं अन् म्हणाल्या, तू कुनाची गं?"

ओढ्याचं पाणी गढूळ होतं आणि भरभर चाललं होतं.

"मग तू?"

"मी ऱ्हायले. दरसाल अळंबी येती. तेवढा एक दिस ते दिसतात." तिनं हातातली राख धुतली. "समद्यांना दिसतात."

मोहिनीच्या हातातलं पातेलं केव्हाच स्वच्छ झालं होतं. ती ते घासतच राहिली.

"मी काय सांगितलं, आशा?"

"बरणीचं."

"आणि?"

आशानं एक ताट विसळून बाजूला ठेवलं. "सांगितलं तरी ते तुमचं वाटायचं नाय, ताई. आत्यांना आमी लय वेळा सांगून बघितलं. नाव सांगितलं, फोटो दाखवला. नीट ऐकून घेतात. मग म्हनतात, बिचारी आई."

तिनं भांडी एकात एक बसवली आणि डोक्यावर घेतली. दोन पावलं जाऊन ती वळली.

"तुमी काळजी नका करू. तिला आमी दरसाल भेटू."

निघताना चिमाजीनं त्या दिवशी विणलेली टोपली मोहिनीच्या हातात दिली. फार लहान होती ती, भाजीला उपयोगी न पडणारी. नवसाबाई गाडीच्या मागं हात हलवत बरंच अंतर आली, पुढल्या वर्षी या म्हणत, हसत.

सावळघाटात धुकं होतं. ललित जपून गाडी चालवत होता.

"मी वारुळापाशी क्रेओलमध्ये बोलले होते," मोहिनी म्हणाली. "मग चिमाजीला बरणी कशी कळली?"

"क्रेओल? मला तर मराठीच वाटलं," ललित म्हणाला. मग थोड्या वेळानं, "पण मी लांब होतो. काही शब्द बारीक मुलांशी बोलतात तसे वाटले, म्हणून मराठी वाटलं असेल."

मोहिनीनं डोकं मागं टेकवलं आणि स्वतःची झडती घेतली. पद्धतशीर माणूस होती ती. आईचं नाव, बापाचं नाव. शाळेची वाट. हॉटेलातल्या शीतगृहाच्या दाराचा आकडा, समुद्राकडच्या खिडकीची न लागणारी कडी. पहिल्या नोकरीतला भाजलेला हात. कढी कशी फुटू द्यायची नाही. लग्न, नवऱ्याचा आवाज, त्याचं घर सोडून जाणं. सगळं जागच्या जागी होतं. तो का गेला, हे आठवताना मात्र मन कुठंही न अडखळता पुढं गेलं. तांदूळ निवडताना खडा लागेल म्हणून बोट जपून न्यावं आणि तिथं खडाच नसावा, तसं. जमलं नसेल, तिनं ठरवलं. पुष्कळांचं जमत नाही.

काही गेलं नव्हतं. तिला हसू आलं. ललितला तिनं पोलंडच्या म्हातारीची गोष्ट सांगितली आणि नाशिकच्या वेशीपर्यंत दोघं छत्र्यांबद्दल बोलत राहिले.

ललितच्या घरी त्याच्या बायकोनं, मंजुषानं, पाणी तापवून ठेवलं होतं. कपड्यांना अजून धुराचा आणि ओल्या पाल्याचा वास येत होता. मोहिनीनं ते काढून बादलीत टाकले आणि अंगावर पहिला तांब्या घेतला. पाणी छान कढत होतं. गुडघ्यांवरचे खड्यांचे वण अजून गेले नव्हते. ती साबण लावत खाली आली, आणि ओटीपोटावर तिचा हात थांबला.

बेंबीच्या बराच खाली, एका बाजूपासून दुसऱ्या बाजूपर्यंत, एक आडवी रेघ होती. पांढुरकी, किंचित उंच, फार जुनी. तिनं वाकून पाहिलं. अपेंडिक्सचा वण तर उजवीकडं असतो, तिरपा. तिनं आठवून पाहिलं. कुठलं हॉस्पिटल, कुठलं ऑपरेशन. काही आलं नाही. तिनं रेघेवरून बोट नेलं, या टोकापासून त्या टोकापर्यंत. टाके सुरेख घातले होते, एकसारखे, कुणीतरी घाई न करता घातलेले.

"ताई, सगळं आहे ना तिथं? टॉवेल वगैरे?" बाहेरून मंजुषानं विचारलं.

"आहे, सगळं आहे," मोहिनी म्हणाली, आणि तिनं पुढचा तांब्या भरून घेतला.